हजेरीपटावरच्या लाल खुणा

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर-चोपडा पट्ट्यात, ज्या गावाचा जो बाजारवार त्या दिवशी तिथे भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल घुमतात, बासऱ्या वाजतात, पावरा आदिवासी बायापोरी चांदी लेऊन डोंगर उतरतात. त्या दिवशी मुले शाळेत कशी येतील? पण हजेरीपटावर लाल शाईने गैरहजेरी पडते, आणि मला त्या खुणा फार बोचतात.

यात गुरुजींचा दोष नाही. डी.एड.ला त्यांना बालमानसशास्त्र शिकवले. पावऱ्यांचे सण, नातीगोती, कामासाठी गाव सोडण्याचे महिने कुणी शिकवले नाहीत. एकट्या जळगाव जिल्ह्यात अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, तडवी, गोरमाटी बोलणारी घरे आहेत. यावल-रावेरकडचे तडवी जमातीने भिल्ल, धर्माने मुसलमान. हे ठाऊक नसलेला शिक्षक त्या मुलाला कोणत्या रकान्यात बसवणार?

हे शिकवते ते मानववंशशास्त्र. त्या शास्त्रातल्या इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या, बर्लिनला शिकल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजातून पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची पाहणी करायला आल्या. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. आधी विचारायचे, नाती लिहून काढायची, मत त्यानंतर बनवायचे, ही या शास्त्राची शिस्त. वर्गावर उभे राहणाऱ्याला याहून उपयोगी दुसरे काय असेल? नर्मदाकाठी चिमलखेडी, निमगव्हाणला नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा निघाल्या, तेव्हा गावातलेच तरुण गुरुजी झाले आणि मुले आपल्या बोलीतून अक्षरे शिकली. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. धुळ्याने 1927 पासून इतिहासकार राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ सांभाळले आहे. जुन्या दफ्तरांची एवढी कदर करणाऱ्या मुलखाने जित्या माणसांच्या रीतीही तितक्याच आस्थेने टिपाव्यात, असे मला मनापासून वाटते.

हे शास्त्र शिकून पोट भरेल का, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यातच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. यावल आणि धुळ्याला आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. आश्रमशाळा आहेत, बोलीतल्या वाचनपुस्तकांचे काम आहे. पगार सगळीकडे भरघोस नाही, पण काम खरे आहे आणि माणसे कमी आहेत.

माझी इच्छा मात्र नोकरीपुरती नाही. आजवर पावऱ्यांकडे वही घेऊन गेलो ते आपण, पायथ्याखालची माणसे. आता चोपड्याच्या पाड्यावरच्या मुलीने मानववंशशास्त्रात एम.ए. करावे आणि वही घेऊन जळगावात उतरावे. आमच्या लग्नातले मानपान, देण्याघेण्याच्या याद्या, सोयरिकीआधी विचारले जाणारे प्रश्न तिने नेटाने लिहून घ्यावेत. आम्हीही तिच्यासमोर बसावे आणि खरी उत्तरे द्यावीत.