कधीपासून?

लॅपटॉप अडखळायला लागला तेव्हा मी सगळ्यात आधी त्याचं वय मोजलं. सहा वर्षं. म्हणजे संपलंच, असं मनाशी ठरवून टाकलं.

दर दोन-तीन सेकंदांनी कर्सर गोठायचा. मी अख्खं वाक्य टाइप करायचे, स्क्रीनवर काहीच नाही, आणि मग सगळी अक्षरं एकदम धावत यायची. माझं काम म्हणजे मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करायची. दिंडोरीत घरी बसून करता येतं, म्हणून धरलेलं. पैसे रेकॉर्डिंगच्या मिनिटांवर मिळतात, माझ्या मिनिटांवर नाही. चार तासांचं काम आठ तासांवर गेलं तेव्हा पोटात गोळा आला. आवाजही करकर करत तुटायचा. मशीन दमलंय म्हणून आवाज तुटतोय, हे मी गृहीतच धरलं होतं.

नाशिकला एका दुकानात दाखवलं. त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं, ‘नवीनच घ्या.’

जानेवारी होता. मण्यांत पाणी उतरायच्या आधी घडांना पेपर लावायचे होते. रद्दी आणून ठेवलेली, पेठ-सुरगाण्याकडची माणसं येणार होती आणि त्यांच्या मजुरीचे पैसे आण्णांनी कपाटात बाजूला ठेवले होते. मला हे सगळं माहीत होतं. तरी मागितले.

‘काय होतंय त्याला?’

‘हँग होतोय.’

‘कधीपासून?’

‘जुना झालाय आण्णा. सहा वर्षं झाली.’

‘वय नाही विचारलं. कधीपासून विचारलं.’

मला उत्तर देता आलं नाही. मी चिडले. ‘तुम्हाला नाही कळणार त्यातलं,’ असं म्हणाले. ते काही बोलले नाहीत. रात्री आईकडून कळलं की मजुरी भागवायला व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, असं त्यांनी ठरवलंय. मला नाही म्हणायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

झोप लागेना. कधीपासून? मी माझे जुने मेसेज चाळले. ‘आज लॅपटॉप फारच छळतोय’ असं मैत्रिणीला पहिल्यांदा लिहिलं होतं ते एका सोमवारी. मग अपडेटची यादी उघडली. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, एकच गोष्ट आली होती : ऑडिओ ड्रायव्हर.

टास्क मॅनेजरमध्ये मी आतापर्यंत फक्त वरचे आकडे बघत होते. प्रोसेसर निवांत, अर्धी रॅम रिकामी. म्हणूनच काही कळत नव्हतं. आता खाली ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ नावाची ओळ दिसली. एरवी ती शून्याच्या आसपास असते. माझ्याकडे सारखी उसळत होती.

लेटन्सीमॉन नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो, ते त्यात दिसतं. ड्रायव्हरच्या असल्या तातडीच्या कामाने एका वेळी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा, म्हणजे सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापेक्षा, जास्त वेळ घेऊ नये, असं मायक्रोसॉफ्टचं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगणं आहे. माझा ऑडिओ ड्रायव्हर कित्येक मिलिसेकंद बसून राहत होता. तेवढा वेळ त्या कोअरवर बाकी कोणालाच शिरता येत नाही. माझ्या टायपिंगलाही नाही.

आवाजाला हा मान मिळतो त्याला कारण आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, सलग. चित्र क्षणभर थांबलं तर डोळा सांभाळून घेतो. आवाज तुटला की कान लगेच पकडतो. म्हणून आवाजाच्या ड्रायव्हरला रांगेत पुढे सोडतात. त्याने पटकन काम उरकून बाजूला व्हायचं असतं. हा दारातच उभा राहिला होता.

मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ऑडिओ ‘डिसेबल’ केला. लॅपटॉप मुका झाला आणि अक्षरं बोटांबरोबर उमटायला लागली. परत ‘एनेबल’ केला. परत अडखळला. दोनदा करून बघितलं.

म्हणजे मी उलटं धरून बसले होते. मशीन अडखळत होतं म्हणून आवाज तुटत नव्हता. आवाजामुळे मशीन अडखळत होतं.

‘रोल बॅक’चं बटण पुसट होतं, दाबता येईना. मग ड्रायव्हर फाइलसकट काढून टाकला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि विंडोजने स्वतःचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ बसवला. बटबटीत इफेक्ट गेले. एका मुलाखतीतल्या बाईंचा आवाज मात्र स्वच्छ आला, मागे कुकरची शिट्टी होती तीसुद्धा.

सकाळी आण्णा बागेत निघाले होते. मी पैसे परत दिले आणि म्हणाले, ‘रविवारपासून होतं.’

त्यांनी पैसे खिशात घातले. ‘पान पिवळं पडलं की आपण वेलीचं वय बघत नाही,’ ते म्हणाले. ‘पाणी कधी दिलं, खत कधी टाकलं, ते आठवतो. मग मुळी उकरून बघतो.’ आणि थोडं थांबून, ‘मला नाही कळत त्यातलं.’

मी मान खाली घातली. ते हसत होते की नाही, मी बघितलं नाही.

मार्चमध्ये माल तोडणी चालू असताना एका अपडेटबरोबर तो ड्रायव्हर परत आला. कर्सर गोठला. या वेळी मी आधी तारीख बघितली. पंधरा मिनिटांत काम झालं. आण्णा बाहेर क्रेट मोजत होते, त्यांना सांगायची वेळच आली नाही.