चिंताशाळा

शनिवारी संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आम्ही आठ-दहा मराठी माणसं वाचायला जमतो. बहुतेक सगळे सॉफ्टवेअरमधले. शिकवायचं काम माझ्याकडे. यंदा ॲरिस्टोफेनीसचं ‘क्लाउड्स’ घेतलं. इ.स.पू. ४२३ मध्ये अथेन्सला झालेलं नाटक. मुलाच्या घोड्यांच्या नादापायी कर्जात बुडालेला म्हातारा सॉक्रेटिसच्या शाळेत जातो. सावकारांना वाटेला लावण्यासाठी खोट्याचं खरं करायची विद्या त्याला हवी असते. घोड्यांच्या जागी ईएमआयवरची गाडी यायला वर्गात दोन मिनिटंही लागली नाहीत. मग पिसू आली. ती स्वतःच्या किती पावलं उडते हे मोजायला तिचे पाय मेणात बुडवून जोडे करतात. “मॅडम, हे तर आमचं अप्रेझल!”

त्या शाळेचं नाव फ्रोन्तिस्तेरिऑन. माझं ग्रीक कोशापुरतंच, पण ‘फ्रोन्तिस’ म्हणजे विचारही आणि काळजीही. इंग्रजीत दोन्ही एका शब्दात बसवणं अवघड. मराठीत चिंतन आणि चिंता सख्ख्या बहिणी. मी फळ्यावर ‘चिंतनशाळा’ लिहिलं. एकीने उठून ‘न’ पुसला आणि ‘त’ला काना दिला. माझ्या वहीत आता तोच शब्द आहे.

पुढच्या शनिवारी प्लेटोचं ‘ॲपॉलॉजी’ वाचलं. इ.स.पू. ३९९, खटला चालू आहे. सत्तरीचा सॉक्रेटिस न्यायसभेला सांगतो, की समोरच्या फिर्यादींपेक्षा मला जुन्यांची भीती जास्त. नाटकात हवेत झुलणारा एक सॉक्रेटिस तुम्ही पाहिलाच आहे.

“म्हणजे आपण हसलो तो हाच?” एकाने विचारलं.

माझ्याकडे उत्तरं होती. ते नाटक स्पर्धेत शेवटचं आलं होतं. प्लेटोनेच ‘सिंपोझियम’मध्ये या दोघांना एका मैफिलीत बसवून पहाटेपर्यंत पाजली आहे. सगळं सांगितलं. डोक्यात मात्र एम.ए.चं गॅदरिंग होतं. मी आमच्या एका सरांची नक्कल केली होती, हात हवेत फिरवत बोलण्याची. पहिल्या रांगेत बसून सर मनापासून हसले. नंतर ते वर्गात आले की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. वर्ष संपेपर्यंत ते हात खिशात घालून शिकवू लागले होते.

हे मी वर्गात सांगितलं नाही.

पुढच्या तुकडीला आधी काय द्यावं? ‘ॲपॉलॉजी’ आधी दिलं तर पिसवेला कुणी हसणार नाही. मी ‘क्लाउड्स’च आधी देणार आहे.