अर्थ मिळत नाही

जुन्या बुलेटचा वेगमापक बॅटरीवाचून चाले, हे आमच्या पिढीतल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. पुढच्या चाकाच्या हबपासून एक पिळाची केबल वर येई. तिच्या टोकाशी डबीत लोहचुंबक फिरे आणि त्याला न शिवता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी बसलेली असे. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे प्रवाह उठत, वाटी त्याच्यामागे ओढली जाई, आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेची. या ओढाताणीत काटा जेथे थांबे तो वेग. ओटो शुल्झे याने १९०२ साली जर्मनीत या युक्तीचे पेटंट घेतले आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या गाड्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला. बॅटरी मेली, दिवे विझले, तरी काटा आपले काम करी.

आमच्या इंदूरच्या घरी १९९४ सालची बुलेट आहे. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती घेतली. ते २०१७ मध्ये गेले. २०२३ च्या पावसाळ्यात मीटरच्या काचेत पाणी शिरले आणि काटा ४० वर अडकून बसला. जुनाच दुरुस्त करावा की नवा आणावा यावर घरात दोन तट पडले. गाडी यापुढे धाकटा पुतण्या चालवणार होता, तेव्हा त्याचे मत वरचढ ठरले आणि डिजिटल मीटर आला. वेग, इंजिनाचे फेरे, बॅटरीचा दाब, घड्याळ, न्यूट्रलचा हिरवा दिवा, सारे एका काचेत. शहरातल्या एका दुकानाने तो दोन तासांत बसवून दिला. पुढले चार महिने त्या दोन तासांचे टाके उसवण्यात गेले.

पहिले लक्षण असे की हेडलाइट लावला की मीटर मालवे, पुन्हा उजळे, आणि घड्याळ १२ वर येऊन बसे. हँडल वळवले तरी तेच. दुकानदाराने मीटरच वाईट निघाला असे सांगून दुसरा घेण्याचा सल्ला दिला. आम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या वायरमनला बोलावले. त्याने मीटरकडे पाहिलेही नाही, हँडलच्या खाली हात घातला आणि म्हणाला, ‘‘बाबूजी, इसको अर्थ नहीं मिल रहा.’’

साहित्य सभेच्या बैठकांत हे वाक्य आम्ही अनेकदा, निराळ्या संदर्भात, ऐकले आहे. येथे मात्र त्याचा अर्थ सरळ होता. बुलेटचा मीटर हेडलाइटच्या टोपणात बसतो, टोपण पुढच्या फोर्कवर असते, आणि फोर्क चौकटीत ज्या छऱ्यांवर फिरतो ते ग्रीसमध्ये बुडालेले असतात. विजेला बॅटरीकडे परतायची वाट त्या ग्रीसमधून. ३५ वॅटचा दिवा त्याच अरुंद वाटेने तीनएक अँपिअर परत पाठवू लागला की मीटरचा श्वास कोंडे. म्हाताऱ्याने मल्टिमीटरचे एक टोक मीटरच्या अर्थला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले आणि दिवा पेटवला. शून्याच्या जवळ असायला हवा तो आकडा २ व्होल्ट निघाला. मीटरपासून थेट बॅटरीपर्यंत एक काळी वायर ओढली आणि रोग गेला. नवा मीटर घेण्याआधी वाचकांपैकी कुणी एवढी तपासणी करून पाहिली तर त्यांचे पैसे वाचतील.

इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा ९०० वरून ४,००० वर उड्या मारी, त्याचे कारण ठिणगी. प्लगच्या वायरला रोधक टोपी नव्हती, त्यामुळे तिचा सारा गोंगाट शेजारून गेलेल्या बारीक वायरीत शिरे. ५ किलोओहमची टोपी बसवली, वायर दूर नेली, तेव्हा आकडा शांत झाला. पण ४५० वर. इतक्या मंद गतीने बुलेट धडधडत राहणे शक्य नाही, हे कानालाच कळत होते. आमच्या बुलेटचे पॉइंट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतात, म्हणजे दोन फेऱ्यांना एक ठिणगी. मीटर मात्र एका ठिणगीला एक फेरा धरून चालला होता. त्याच्या यादीत ते बदलून दिले. इंडिकेटर लावला की चारही दिवे एकदम लुकलुकत, त्याचीही कथा अशीच: डावी व उजवी वायर एकाच खुणेच्या दिव्याला जोडली होती, म्हणून एका बाजूची वीज दुसऱ्या बाजूला पाझरे. दोन डायोड, दोन-चार रुपयांचे, आणि मामला मिटला.

हे झाले गमतीचे रोग. पुढचे दोन तसे नव्हते.

१९९४ च्या आमच्या बुलेटला न्यूट्रलचा दिवा मुळातच नाही. तिला टाचेचा एक छोटा दांडा आहे. तो दाबला की पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलमध्ये येते. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना दिव्याची उणीव कधी वाटली नसेल. नव्या मीटरला मात्र न्यूट्रलची एक वायर होती आणि तिला जायला जागा नव्हती. दुकानातल्या पोराने ती अर्थला बांधून टाकली. त्यामुळे हिरवा दिवा सदैव जळे. गाडी पहिल्यात असो की चौथ्यात. एका सकाळी पुतण्याने अंगणात दिवा हिरवा पाहून क्लच न दाबता किक मारली. गाडी गिअरमध्ये होती. ती उसळून पुढे गेली आणि आईच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पायरीला धडकून थांबली. आई काही बोलली नाही. तिने पोथी मिटली आणि आत गेली.

दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, ‘‘लाइट तो जल रही है ना?’’ या उत्तराचा आम्हाला आजही राग येतो. दिवा नसणे ही केवळ गैरसोय आहे. खोटा दिवा असणे हा घात आहे. ती वायर आम्ही कापून तिच्या तोंडाला टेप गुंडाळला. आता त्या जागी काळोख असतो, आणि पुतण्या टाच वापरायला शिकला आहे.

दुसरा रोग वेगाचा. पुतण्या म्हणे, ‘‘काका, तुम्ही उगीच घाबरता, मी साठाच्या वर जातच नाही.’’ मागे बसणाऱ्याच्या कानातला वारा निराळे सांगत होता. तेव्हा एका रविवारी पहाटे आम्ही देवास रस्त्याला गेलो. ६० च्या वेगाने एका किलोमीटरला ६० सेकंद लागतात. हे गणित करायला कोणतेही यंत्र लागत नाही. मीटरवर ६० स्थिर धरून दगड ते दगड घड्याळ लावले आणि पाच दगडांची सरासरी काढली. दर किलोमीटरला ५३ सेकंद. म्हणजे खरा वेग ६८ च्या आसपास.

घरी येऊन पुढच्या टायरला खडूची खूण केली, गाडीवर माणूस बसवला, चाक बरोबर एक फेरा पुढे ढकलले आणि टेप लावला: २०३ सेंटिमीटर. मीटरच्या यादीत लिहिले होते १८०. ते माप लहान चाकाच्या, बहुधा १७ इंची, गाडीचे. बुलेटचे चाक १९ इंची. मीटर बिचारा चुंबकाचे फेरे बिनचूक मोजत होता आणि प्रत्येक फेऱ्याला २३ सेंटिमीटर रस्ता गिळत होता. संयुक्त राष्ट्रांच्या वेगमापकांविषयीच्या ३९ व्या नियमात असा दंडक आहे की मापकाने खऱ्या वेगापेक्षा थोडे जास्त दाखवले तर चालेल, कमी कधीच दाखवू नये. त्या दंडकामागचे शहाणपण आम्हाला त्या रविवारी पटले.

बॅटरी पाच-सहा दिवसांत बसू लागली तेव्हा कारण शोधायला वेळ लागला नाही. किल्लीच्या वायरीऐवजी दोन्ही वायरी थेट बॅटरीला जोडल्या होत्या. बंद गाडीतही मीटर ४० मिलिअँपिअर पीत होता. दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास, आणि आमची बॅटरी ५ ची.

राहिला प्रश्न किलोमीटरांचा. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी होळकरांच्या दफ्तरात कारकुनी करावयास आले. दफ्तर गेले, संस्थान गेले. नोंदी ठेवण्याची खोड उरली. नानांनी बुलेटची वही पहिल्या दिवसापासून घातली होती. पेट्रोल भरले की तारीख, मीटरचा आकडा, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात एखादा शब्द: ‘देवास’, ‘उज्जैन, हिला घेऊन’, ‘दवाखाना’. थोरल्या बहिणीच्या बारशाचा वाद या वहीने मिटवला आहे. जुना मीटर ६१,४२७ वर थांबला. नवा शून्यावर उगवला.

बाजारात एकाने हवा तो आकडा नव्या मीटरमध्ये भरून देण्याची तयारी दाखवली. पुतण्याला ते बरे वाटले. आम्ही नको म्हटले. जे अंतर त्या यंत्राने पाहिले नाही त्याची साक्ष त्याने का द्यावी? शिवाय जो आज पुढे सरकवून देतो तोच उद्या गिऱ्हाइकासाठी मागे सरकवणार, आणि ते आपल्या हातून सुरू होऊ नये. जुना मीटर पुसून, वाळवून, फडक्यात गुंडाळून गाडीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवला आहे. वहीत एक आडवी रेघ मारली. टायरचे माप सुधारेपर्यंत नवा मीटर ४१२ चालला होता. त्या मापाच्या हिशेबाने खरे अंतर ४६५. म्हणून रेघेखाली लिहिले: ६१,४२७ + ४१२ + ५३, आणि ५३ च्या पुढे ‘खडू’. हा शब्द पुढे कुणाला कळेल की नाही याची चिंता आई करीत होती, तेव्हा बाजूला दोन ओळींत खुलासाही केला.

तेव्हापासून नोंदी पुतण्याच करतो. आकडे नीट असतात. शेवटचा रकाना तो बहुतेक रिकामा सोडतो. परवा मात्र तेथे ‘महू, पाऊस’ असे लिहिलेले दिसले. अक्षर वाईट आहे.