सिलिकॉन: आमचं आणि भाताचं

सिलिकॉन म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांना चिप आठवते, फार तर कॅलिफोर्नियातली ती व्हॅली. आमचं पोटच त्याच्यावर चालतं म्हणा ना. पण त्या पोटात जाणारा भातही सिलिकॉनच्याच जोरावर ताठ उभा असतो, हे वाचल्यापासून विषय डोक्यातून जाईना. म्हणून आजचं हे पोस्ट.

पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनच, वजनाने पाव भागाहून जास्त. मग टंचाई कसली? तर झाडाला वाळू खाता येत नाही. मातीतल्या पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्ल तेवढं मुळं घेतात, आणि त्यात भात एकदम हावरट. त्याच्या पेंढ्यात सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते. भाताचं पातं हाताला कापतं ना, ती हीच.

तरीही अत्यावश्यक अन्नद्रव्यांच्या नेहमीच्या यादीत सिलिकॉनचं नाव नाही. आपल्या फायरवॉलसारखंच. सगळं सुरळीत असताना कुणाला आठवत नाही, हल्ला झाला की किंमत कळते.

हल्ला म्हणजे काय, ते जपानला विचारा. तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत आलं आणि भातातून माणसांत. हाडं इतकी ठिसूळ झाली की रोगाचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. 1968 साली सरकारने तो प्रदूषणाचा रोग असल्याचं मान्य केलं. सिलिकॉन इथे दोन कामं करतं. मुळांच्या पेशीभित्तिकांत बसून कॅडमियमला तिथेच अडकवतं, दाण्यापर्यंत कमी जाऊ देतं. शिवाय सिलिकेट खतांनी मातीचा आम्लपणा उतरतो, मग कॅडमियम पाण्यात विरघळतंच कमी.

आर्सेनिकची गोष्ट मात्र खरी भन्नाट आहे. (शास्त्राच्या भाषेत तो अर्धधातू, पण त्रास तोच.) 2006 मध्ये जपानमधल्या जियान फेंग मा यांच्या गटाने भाताच्या मुळातलं सिलिकॉनचं दार शोधलं: एलएसआय-वन नावाचं प्रथिन. 2008 मध्ये कळलं की आर्सेनिकही त्याच दारातून घुसतं! पाणी साचलेल्या खाचरात ते ज्या रूपात असतं ते सिलिसिक आम्लासारखंच दिसतं, आणि दारावरच्या वॉचमनला फरक कळत नाही. पण सिलिकॉन भरपूर असलं की दारात विरार लोकलसारखी गर्दी होते आणि आर्सेनिक बाहेरच लटकतं. वर, सिलिकॉन पुरेसं मिळालं की झाड अशी दारंच कमी बनवतं. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात आर्सेनिकवाल्या बोअरच्या पाण्यावर भात पिकतो. तिथे ही गर्दी किती मोलाची, विचार करा.

आता मुद्द्याचं. दर हंगामाला आपण पेंढा आणि तूस शेताबाहेर काढतो, म्हणजे सिलिकॉनही बाहेर. पेंढा गुरांना, तूस भट्टीत. आपल्याकडे डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत पहिलंच सूत्र हे आहे: भाताचं भाताला परत द्या. तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळा, पेंढा शेतात घाला. आपल्याकडे उद्देश रोपं कणखर व्हावीत हा, पण हिशोब तोच. (पाणी साचलेल्या शेतात ताजा पेंढा कुजला तर मिथेन वाढतो, तेव्हा तेही तारतम्याने.)

अर्थात फायरवॉल आहे म्हणून कुणी व्हायरस मुद्दाम आत सोडत नाही. सिलिकॉनने विष कमी शिरतं, नाहीसं होत नाही. कारखान्याचं सांडपाणी आणि खाणीचा गाळ शेतात येऊ न देणं हे काम माणसाचंच. ते झाडावर ढकलता येणार नाही.

असो. राईस मिलच्या मागे साठलेला राखेचा ढीग तुम्हीही पाहिला असेल. तो कचरा नाही, शेताचं सिलिकॉन आहे. गावाकडे भातशेती असेल तर पुढच्या फोनवर एवढं नक्की विचारा: आपलं तूस जातं कुठे?