शंभरातलं एक मेंढरू

लहानपणी संडे स्कूलमध्ये लूकच्या 15व्या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट ऐकायचे. नव्व्याण्णव सोडून एकासाठी जाणारा मेंढपाळ तेव्हा वेडाच वाटायचा.

यंदा माझ्या दुसरीच्या वर्गात 24 मुलं. त्यातली एक मुलगी चार दिवस आली नाही. मी नुसतं ‘गैरहजर’ लिहीत राहिले. रात्री प्रार्थनेत मात्र ‘प्रभू, माझ्या मुलांना सांभाळ’ म्हणायचे! पाचव्या दिवशी माझीच मला लाज वाटली. शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले. आई मजुरीला गेलेली, ही धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. हळूच म्हणाली, “बाई, ह्याला घेऊन येऊ का?”

आता दोघं येतात. तो मागे खेळतो, ही पाढे म्हणते. मीही आता हजेरी घेतानाच मनात प्रार्थना करते, एकेका नावासाठी.