बिलोलीचा सेंटर हाफ

हॉकीत डावखुऱ्यासाठी वेगळी स्टिक नसते. क्रिकेटमधला डावखुरा उलटा उभा राहून खेळतो, बॅडमिंटनमधला रॅकेट दुसऱ्या हातात घेतो. हॉकीत मात्र सगळ्यांनी एकाच रीतीने खेळायचं. डावा हात वर, उजवा खाली आणि चेंडूला लावायची ती स्टिकची सपाट बाजूच. मागची गोलाई चेंडूला लागली की पंचाची शिट्टी वाजते. शाळेत खेळ शिकवण्यात आणि सुट्टीच्या दिवशी पंच म्हणून उभं राहण्यात माझी नोकरी गेली. नव्या मुलाच्या हातात स्टिक दिली की त्याचा उजवा हात सगळं काम अंगावर घ्यायला धावतो, हे मी कायम पाहत आलो. खरं काम डाव्याचं असतं. स्टिक वळवतो तो डावा हात. उजव्याने ती सैल धरायची आणि मुठीतल्या मुठीत फिरू द्यायची. उजखोऱ्या मुलाच्या अंगात हे मुरायला वर्ष जातं.

माझ्या मित्राला ते पहिल्याच दिवशी जमलं. तो डावखुरा होता. डाव्या हाताने घास उचलला की त्याची आजी हातावर चापट मारायची, शाळेत पाटीवरची पेन्सिल गुरुजींनी उजव्या हातात आणून दिली होती. हॉकीने त्याचा डावा हात होता तसा घेतला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते त्याच्या घरच्यांचं आहे आणि त्यांना छापील गवगवा नको आहे. बिलोलीत ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं, त्यांना नावाची गरजही नाही.

बिलोली हे तालुक्याचं गाव, पण गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर धर्माबाद गाठायचं. दुसरीकडे येसगीच्या पुलावरून मांजरा ओलांडली की बोधन आणि पुढे निजामाबाद. त्यामुळे आमच्या मैदानावर मराठी, तेलुगू आणि दखनी एकदमच ऐकू यायची. पास मागायचा तो ज्याच्या त्याच्या भाषेत. आमच्यापर्यंत हॉकी पोचली ती नांदेडहून. तिथे शिकायला गेलेल्या थोरल्या मुलांनी सुट्टीत दोन-तीन जुन्या स्टिक आणल्या, बाकीच्यांनी बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून घेतल्या. टाके उसवलेला चामड्याचा एक चेंडू होता. मैदान मुरमाचं, त्यात मधूनमधून उघडे दगड. पाऊस पडून गेला की कडेची काळी माती आत वाहून यायची आणि वाळल्यावर तिला भेगा पडायच्या.

अशा मैदानावर चेंडू सरळ येत नाही. दगडाला लागून उडतो, भेगेत अडतो, शेवटच्या हातभर अंतरात दिशा बदलतो. बहुतेक मुलं त्याच्यावर डोळा रोखून, स्टिक घट्ट धरून त्याची वाट पाहतात, आणि घट्ट धरलेल्या स्टिकवरून तो हमखास उसळून जातो. माझा मित्र चेंडू यायच्या आधी मान वर करून सगळं मैदान एकदा पाहून घ्यायचा. मग चेंडू स्टिकला लागतो न लागतो तोच डावं मनगट किंचित मागे घ्यायचा. चेंडू तिथेच बसायचा. पुढचा पास कुणाला द्यायचा हे त्याचं आधीच ठरलेलं असायचं, त्यामुळे चेंडू त्याच्याकडे फार वेळ कधी दिसलाच नाही. मी राइट इनला, म्हणजे उजवीकडच्या आतल्या फॉरवर्डच्या जागी, खेळायचो. चेंडूकडे बघत पळायची माझी सवय त्याला अजिबात आवडायची नाही. "बॉल कशाला बघायलास बे," तो लांबून ओरडायचा, "मोकळी जागा बघ, बॉल मी आणून देतो." आणि खरोखर आणून द्यायचा.

तो सेंटर हाफ होता. आजच्या वाचकाला ही जागा थोडी समजावून सांगायला हवी. तेव्हा पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक आणि गोली अशी मांडणी असायची. सेंटर हाफ बरोबर मधला. समोरच्या संघाचा हल्ला आधी त्याने मोडायचा आणि आपला हल्ला तिथूनच सुरू करायचा. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव, बदली खेळाडूंची आजच्यासारखी सतत ये-जा नाही, म्हणजे सत्तर मिनिटं त्याला दम टिकवायचा. त्यात ऑफसाइडचा नियम होता. फॉरवर्ड बचावफळीच्या पुढे जाऊन उभा राहू शकत नसे. पास निघायच्या क्षणी त्याने मागे असायचं आणि चेंडू पोचेपर्यंत पुढे. हा क्षण साधणं सगळं सेंटर हाफच्या हाती. ऑफसाइड गेला तो 1990च्या दशकाच्या अखेरीस. खेळ मोकळा झाला, गोल वाढले, हे मला मान्य आहे. तरी पास एक श्वासभर रोखून धरण्याची ती कला त्या नियमाबरोबर मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. माझ्या मित्राकडे ती कला होती.

गुरू गोविंदसिंगजींच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, नांदेडला त्यांच्या नावाची अखिल भारतीय गोल्ड अँड सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा भरते. खालसा हायस्कूलच्या मैदानावर लष्कराचे, रेल्वेचे, पोलिसांचे संघ उतरतात. पंजाबातले, दिल्लीकडचे खेळाडू येतात. आमच्यासाठी ती वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. एसटीने नांदेडला जायचं, गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवायचं, दिवसभर सामने बघायचे. आम्ही सगळे गोलपोस्टच्या मागे गर्दी करायचो, कारण तिथून शॉर्ट कॉर्नरचा फटका अंगावर आल्यासारखा वाटतो. तो एकटा मधल्या रेषेजवळ बसायचा. परतीच्या गाडीत आम्ही गोल आठवत असायचो आणि तो रेल्वेच्या एका हाफबद्दल बोलायचा, ज्याचं नाव आमच्यातल्या कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसे. त्या हाफने चेंडू न खेळता, नुसता दोन पावलं डावीकडे सरकून, समोरच्या इनसाइडला कसं बाहेर ढकललं, हे तो एसटीच्या बाकावर बोटांनी काढून दाखवायचा.

मग विभागीय निवड चाचणी आली. मराठवाड्यातलं एक मोठं शहर, दोन दिवसांची चाचणी. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलं, पाठीवर खडूने लिहिलेले आकडे. पहिल्या दिवशी पळणं, ड्रिबल, हिट, स्कूप. दुसऱ्या दिवशी मिसळून केलेल्या संघांचे वीस-वीस मिनिटांचे सामने. मीही त्या चाचणीत होतो आणि दुसऱ्या दिवशी नेमका त्याच्याच संघात आलो. त्याने दिलेले पास मी आजही सांगू शकतो. डाव्या बाजूला बचावफळीच्या पाठीमागे, जिथे लेफ्ट इनने पोचायला हवं होतं, तिथे चेंडू जाऊन पडायचा आणि तिथे कुणीच नसायचं. तो लेफ्ट इन दुसऱ्या जिल्ह्याचा, माझ्या मित्राला आदल्या दिवशीच भेटलेला. त्याला चेंडू पायाशी हवा होता. प्रत्येकाला पायाशीच हवा होता. चाचणीत आपलं ड्रिबल दाखवायचं असतं, मोकळ्या जागेत पळून दुसऱ्याचा पास चांगला ठरवायचा नसतो. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? एक सडपातळ मुलगा चेंडू रिकाम्या जागेत घालवतोय. यादीत माझं नाव आलं, त्याचं आलं नाही.

लहान गावातले खेळाडू कृत्रिम मैदानामुळे संपले, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. 1975 साली क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा भारत पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातवा आला. गावोगावी असं मैदान घालणं कुणाला परवडणार? पण माझ्या मित्राची चाचणी मातीवरच झाली होती, आमच्यासारख्याच मातीवर. त्याला मैदानाने हरवलं नाही. त्याचा खेळ दिसायला भोवती दहा ओळखीची माणसं लागत आणि चाचणीने त्याला नेमकी तीच दिली नाहीत. गोल करणारा अनोळखी संघातही चमकतो, गोली तर एकटाच उभा असतो. दुसऱ्याला चांगलं खेळायला लावणारा खेळाडू तुम्ही वीस मिनिटांत ओळखणार कसा?

इथे मला शंकर लक्ष्मण आठवतात. महूजवळच्या कोदरिया गावचा हा मुलगा आधी फुटबॉल खेळायचा. 1947 साली तो सैन्यात बँडवाला म्हणून भरती झाला आणि हॉकी शिकला ती तिथे. 1956च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने 38 गोल केले आणि एकही घेतला नाही. त्या संघाचा गोली शंकर लक्ष्मण. 1960च्या रोममध्ये पाकिस्तानकडून एका गोलाने हार, 1964च्या टोकियोत पाकिस्तानविरुद्धच एका गोलाने विजय, या दोन्ही अंतिम सामन्यांतही गोलात तेच होते. 1966च्या आशियाई स्पर्धेत ते कर्णधार झाले आणि भारताने सुवर्ण जिंकलं. गोलीने भारताचं नेतृत्व करण्याची ती पहिली वेळ. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि 2006 साली महूमध्येच गँगरीनने गेले. अखेरचे दिवस ओढगस्तीचे होते.

त्यांची मोठेपणाची कहाणी सगळे सांगतात. मला मात्र त्यातली भरतीची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांना कुणी दोन दिवसांच्या चाचणीत शोधलं नव्हतं. पलटणीत माणूस रोज संध्याकाळी त्याच माणसांबरोबर खेळतो आणि वरिष्ठ ते रोज बघतात. बँडमधला पोरगा गोलात कसा उभा राहतो हे कळायला तिथे महिने मिळतात, वर्षं मिळतात. पुण्याच्या खडकीची गोष्टही फार वेगळी नाही. 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकमधले बाबू निमल तिथले, धनराज पिल्लेही तिथलेच. दारुगोळा कारखाना, लष्कराच्या छावण्या, त्यांचे संघ, संध्याकाळी भरलेली मैदानं. धनराजसारखा वेग कुठेही दिसला असता म्हणा, पण खडकीत तो रोज बघणारी जाणती माणसं होती. अलीकडे फलटण तालुक्यातून, आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे, अशा दोन मुली भारताकडून खेळल्या. एकाच तालुक्यातून दोघी येतात, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या मुलींचा जथा असणार, असं मी माझ्या अनुभवावरून मानतो.

मित्र बिलोलीला परतला. धर्माबादच्या मिरची बाजारात एका आडतीवर हिशेब लिहायला लागला. मी शिक्षक झालो. कडवटपणा त्याच्यात मला कधी दिसला नाही, याचा अर्थ त्याला दुःख झालं नव्हतं असा नाही. एकदाच म्हणाला होता, "त्या लेफ्ट इनला मी वाईट म्हणत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, तर पळंल कशाला?" संध्याकाळी बाजार उठला की तो गावाकडची गाडी धरायचा आणि अंधार पडेपर्यंत शाळेच्या मुलांना खेळवायचा. त्याच्या सरावात ड्रिबलचे शंकू नव्हते. चौघांचा गट, एक चेंडू आणि एक अट: पास दिला की तिथे थांबायचं नाही. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला तो चुकूनही हाक मारत नसे. हाक मारायची ती चेंडू नसलेल्याला. तिघं कुठे उभे राहतात, तेवढंच तो बघायचा. हा सराव मी पुढे माझ्या शाळेत जसाच्या तसा उचलला आणि माझ्याकडे आलेल्या कितीतरी शिक्षकांना दिला.

1994च्या राष्ट्रीय खेळांसाठी पुण्याजवळ बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. त्यानंतर काही वर्षांनी मी मुलांचा संघ घेऊन तिथे निघालो आणि आडतवाल्याची रजा मागून त्यालाही सोबत नेलं. कृत्रिम मैदानावर त्याने पाऊल ठेवलं तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. पाणी मारलेलं मैदान, चेंडू जमिनीला चिकटून वेगाने येणारा. आमची मुलं पहिला तासभर गोंधळली. स्टिक लावायच्या आत चेंडू निघून जायचा. माझा मित्र एका मुलाची स्टिक घेऊन आत गेला, चार-पाच चेंडू त्याच्याही हातून सुटले. मग त्याने मनगट मागे घेणं थोडं आधी सुरू केलं, आणि पुढचा चेंडू बसला. त्यापुढचाही बसला. पाव तासात तो तिथे लहानपणापासून खेळत असल्यासारखा पास देत होता. बाहेर येऊन घाम पुसत म्हणाला, "हे तर सोपं हाय. बॉल जिथं येतो म्हणतो तिथंच येतो." दगड-भेगांवर घडलेल्या हातांना सपाट मैदान अवघड कशाने जाईल? हे वाक्य मी त्या दिवसापासून मुलांना सांगतो, आणि निवड समित्यांतल्या माणसांनाही.

तो गेला तो एका उन्हाळ्यात, झोपेतच. बातमी कळली तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात पंचांच्या शिबिरात होतो. अंत्यविधीला पोचलो तर पुढे खांदा द्यायला त्याच्याकडे शिकलेली मुलं होती. कुणी पोलिसांत, कुणी एसटीत, एक जण सुट्टी टाकून लष्करातून आलेला. त्यातला एकही भारताकडून खेळला नाही. सगळे चांगले खेळले.

निवृत्तीनंतर जिल्हा पातळीवरच्या निवडीत माझं मत विचारलं जातं, तेव्हा मी एकच गोष्ट धरून बसतो. चाचणीला एकेकटी मुलं बोलावू नका, अख्खे शाळासंघ बोलवा. त्यांना आपापसात पूर्ण वेळेचे सामने खेळू द्या आणि नावं त्यानंतर लिहा. एक दिवस जास्त लागतो, मुलांच्या एका मुक्कामाचा आणि दोन जेवणांचा खर्च वाढतो. पंचानेही गोल कुणी केला यासोबत त्याआधीचा पास कुठून आला, हे लिहावं. मी स्वतः ते लिहितो, सामना चालू असतानाच, कार्डाच्या मागच्या बाजूला. बरीच वर्षं यावर "बघू" एवढंच उत्तर मिळालं. मुलं जास्त, दिवस कमी, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. अखेर एका वयोगटापुरतं ते मान्य झालं. तीन दिवस सामने झाले, शेवटच्या संध्याकाळी आम्ही कार्डं समोर ठेवून बसलो. एका खेड्यातल्या शाळेचा हाफ होता, बुटका, पळण्यात मागे. त्याच्या संघाच्या बहुतेक गोलांच्या मागे माझ्या कार्डावर त्याचाच नंबर निघाला. दुसऱ्या पंचाने आपलं कार्ड काढून पाहिलं, तिथेही तोच. यादीत त्याचं नाव चौथं लागलं. गोलांच्या रकान्यात त्याच्यापुढे शून्य होतं, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.