आकाशमार्ग आणि घाट

अंतर म्हणजे काय, हा प्रश्न शाळेत भूगोलाच्या तासालाच सुटला अशी आमची समजूत होती. गेल्या पौषात आमच्या चिंचवडच्या घरी अक्काचे दुखणे एकाएकी विकोपास गेले, आणि तो पुन्हा उभा राहिला.

अक्काचा मुलगा जर्मनीत फ्रांकफुर्टला असतो. त्यास निरोप गेला आणि घरची मंडळी हिशेबास बसली. फ्रांकफुर्ट ते मुंबई अंतर ६,५०० किलोमीटरांहून थोडे अधिक, वेळ आठ तास. आमच्या एका पुतण्याने भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून मार्ग थेट इराकवरून आखला. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला असता सर्वांत जवळची वाट काळ्या समुद्रावरून, कॉकेशसवरून आणि इराणवरून येते, हे त्यास सांगण्याची ती वेळ नव्हती. दुपारी एकला निघालेले विमान आठ तासांनी उतरेल, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड झालेला असेल; पुढे मोटारीने तीन तास. पहाटेपूर्वी मुलगा घरात, असे उत्तर निघाले.

चाकणच्या बाजूस जर्मन कारखाने आले, त्या दिवसांत, म्हणजे २००८ साली, लुफ्तान्साने पुण्याहूनच फ्रांकफुर्टला विमान सुरू केले होते. त्यातल्या जागा थोड्या, आणि साहेबलोकांच्या खिशाला परवडतील अशाच. तेही आता उरले नाही. चाकणला विमानतळ होणार, असे तर आम्ही वर्षानुवर्षे ऐकले. २०१६ साली तो पुरंदरास करण्याचे ठरले. असो.

अक्का आळंदीहून पंढरपुरास सात वेळा पायी गेलेली. तिला अंतर किलोमीटरांत कधी सांगता आले नाही. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, असे मुक्कामच ती सांगे. त्या रात्री तिने एकदा विचारले, "कुठवर आलाय?"

आम्ही म्हणालो, "इराणवर असेल."

हे उत्तर तिच्या कामाचे नव्हते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "लोणावळ्याला आला की उठवा मला."

विमान वेळेवर उतरले. घाटात मात्र एक मालमोटार उलटली होती आणि खाली गाड्यांची रांग लागली होती. अक्का सहा वाजता गेली. मुलगा दाराशी आला तेव्हा आठ वाजून गेले होते. कोणी काही सांगण्यापूर्वीच तो समजला. संध्याकाळी त्याने आम्हांस एवढेच विचारले, "मामा, नक्की सहालाच ना? सहाला मी खालापूरच्या नाक्यावर होतो."

लोणावळा वर, घाट चढून गेल्यावर.

तेराव्यानंतर तो परत निघाला. जाताना नऊ तास लागतात. उंचावरचे वारे पश्चिमेकडून येतात आणि विमानास त्यांच्या तोंडावर जावे लागते. मध्यरात्री त्यास मुंबईच्या विमानतळावर पोहोचवून आम्ही माघारी फिरलो. घाट मोकळा होता. अडीच तासांत घरी आलो.